पथ्य लिहून दिले, पण करायचे कसे?



गेली सत्तावीस वर्षे मी जळगावात जनरल प्रॅक्टिस करीत आहे. या काळात ‘मीठ कमी, तेल कमी, तिखट बंद, आहार हलका व पातळ’ हे शब्द मी किती कागदांवर लिहिले असतील, याचा हिशेब नाही. औषधांच्या नावांखाली एक रेघ ओढायची, हे चार शब्द लिहायचे आणि पुढच्या रुग्णाला आत बोलवायचे, असा माझा शिरस्ता होता. कागद घेऊन जाणारी सून, मुलगी किंवा पत्नी घरी गेल्यावर त्या चार शब्दांचे काय करते, हे मी कधी विचारले नाही. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी पाककलेच्या वर्गात विद्यार्थी म्हणून नाव घातले, ते हा न विचारलेला प्रश्न माझ्याच घरी येऊन उभा राहिला म्हणून. त्या सहा महिन्यांत जे शिकलो, ते आपल्याला सांगावेसे वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असाच एखादा कागद फ्रिजवर चिकटवलेला असेल.

वहिनींचा प्रश्न

माझी आई एकोणऐंशी वर्षांची असून धुळ्याला थोरल्या भावाकडे राहते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. हातापायांत बरीच ताकद परत आली, बोलणेही सुधारले. मात्र गिळताना त्रास होऊ लागला. इस्पितळातून घरी आणल्यावर पथ्याचा कागद मीच लिहिला. त्यात नेहमीचे चार शब्द होते.

चार महिन्यांत आईचे वजन बावन्न किलोवरून शेहेचाळीसवर आले. सहा ते बारा महिन्यांत आपोआप पाच टक्क्यांहून अधिक वजन घटले तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे, हे मी इतरांना सांगत आलो होतो. इथे तर घट अकरा टक्क्यांच्या वर होती. रक्ताच्या तपासण्या केल्या. त्यांत विशेष काही निघाले नाही. दोनदा ताप येऊन गेला होता, तो मी हवामानावर ढकलला. मग एका रविवारी धुळ्याला गेलो आणि लाज वाटावी असे एक वाक्य वहिनींना बोलून गेलो, “वहिनी, आईच्या जेवणाकडे जरा लक्ष द्यायला हवं होतं.”

वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या. ओट्यावर तीन पातेली होती. एक घरच्यांचे, एक दादाच्या मधुमेहाचे आणि एक आईचे. त्या वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही लिहून देता. मीठ कमी, तेल कमी, पातळ. करायचं कसं ते एकदा ओट्याशी उभं राहून दाखवा. तुमच्या कागदाप्रमाणे केलेलं त्यांच्या तोंडात जात नाही, आणि त्यांना आवडतं ते तुमच्या कागदात बसत नाही.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. चहाखेरीज मला काहीही करता येत नव्हते. धुळ्याहून जळगावपर्यंतच्या नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरच्या वाटेवर, पारोळा आणि एरंडोल ओलांडताना, ते तीन पातेल्यांचे दृश्य डोळ्यांपुढून हलले नाही.

पहिला दिवस

जळगावात पाककलेचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र देणारा एक वर्ग आहे. जाहिरात होऊ नये म्हणून त्याचे नाव देत नाही. दुपारी दोन ते पाच ही त्याची वेळ माझ्या सोयीची होती, कारण आम्हा डॉक्टरांचे दवाखाने त्याच वेळात बंद असतात. मी नाव नोंदवायला गेलो, तेव्हा तिथल्या शिपायाने अदबीने खुर्ची दिली आणि विचारले, “मुलाचं नाव घालायचंय की मुलीचं?”

वर्गात आम्ही अठरा जण होतो. बहुतेक मुले अठरा ते बावीस वयाची, चोपडा, यावल, पारोळा, अमळनेर या भागांतून आलेली. कोणाला पुण्याच्या हॉटेलात नोकरी हवी होती, कोणाला जहाजावर जायचे होते. पती गेल्यानंतर खाणावळ सुरू करू पाहणाऱ्या चाळिशीच्या एक बाई होत्या. त्यांचा हात मुळातच तयार होता. त्यांना हवा होता हिशेब आणि कागद. शिकवणारे सर तिशीच्या आतले, माझ्या मुलाच्या वयाचे. मी त्यांना ‘सर’ म्हणे आणि ते मला ‘डॉक्टरसाहेब’. मुलांनी दुसऱ्याच दिवशी माझे ‘डॉक्टर काका’ करून टाकले.

हॉटेल व्यवसायाचे शिक्षण देणारी आपल्या देशातील पहिली संस्था १९५४ साली मुंबईत, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने सुरू झाली. त्याआधी आणि त्यानंतरही आपल्याकडे स्वयंपाक शिकला गेला तो आई-सासूच्या हाताखाली. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने अनेक नवख्या हातांना आधार मिळाला. माझ्या पत्नीच्या माहेरून आलेली तिची प्रत आमच्याकडे आहे. ती मी आयुष्यात प्रथम उघडली, ती या वर्गाच्या आदल्या रात्री.

पहिल्या दिवशी फक्त कांदा होता. प्रत्येकाला अर्धा किलो, आणि सगळे तुकडे एकाच मापाचे हवेत अशी अट. डाव्या हाताच्या बोटांची टोके आत वळवून पेरांच्या आधाराने सुरी चालवायची, हे सरांनी तीन वेळा दाखवले. माझे तुकडे काही नखाएवढे, तर काही बोराएवढे झाले. सरांनी ते सगळे एकाच कढईत घातले आणि म्हणाले, “बघा डॉक्टरसाहेब, लहान तुकडे जळायला लागले आणि मोठे अजून कच्चे आहेत.” आईच्या ताटातली भाजी मला त्या क्षणी आठवली. मऊ शिजलेल्या बटाट्यात एखादी कच्ची फोड राहिली की ती ठसकत असे. आम्ही म्हणत असू, “आई, सावकाश खा गं.” दोष तिच्या घाईचा नव्हता, असमान चिरण्याचा होता.

दुपारचे तीन तास

माझा दिनक्रम बदलला. सकाळी नऊ ते एक दवाखाना, घाईने जेवण, दोन ते पाच वर्ग, सहाला पुन्हा दवाखाना. दोन्हीकडे पांढरा कोट. एका कोटाला स्पिरिटचा वास आणि दुसऱ्याला लसणाचा. संध्याकाळी एका आजोबांची छाती तपासताना ते म्हणाले, “डॉक्टर, आज फोडणीचा वास येतोय.” मी खरे कारण सांगितले, तेव्हा ते इतके हसले की रक्तदाब पुन्हा मोजावा लागला.

सलग तीन तास उभे राहणे सोपे नसते, हे मला पहिल्या आठवड्यात पायांनी शिकवले. पोटऱ्या भरून येत, घोट्यांना सूज येई. माझ्याकडे कंबरदुखी घेऊन येणाऱ्या गृहिणींना मी ‘वजन कमी करा’ एवढेच सांगत आलो होतो. त्या रोज किती तास उभ्या असतात आणि त्यांचा ओटा त्यांच्या उंचीला योग्य आहे का, हे मी विचारले नव्हते. आता विचारतो. चिरणे, निवडणे ही कामे टेबलाशी बसून करावीत. ओट्याशी उभे राहताना एक पाय आलटून पालटून पाटावर ठेवावा. कमरेला बराच आराम पडतो.

तिसऱ्या आठवड्यात गरम कढईच्या कानाला हात लागला. शेजारच्या मुलाने तत्परतेने टूथपेस्ट पुढे केली. ती नाकारून मी अंगठी काढली, नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरला आणि वीस मिनिटे तिथेच उभा राहिलो. बर्फ नाही, हळद नाही, शाई नाही. त्या दिवशी वर्गाला शिकवण्यासारखे माझ्याकडे एवढेच होते.

सरांनी मात्र रोज काही ना काही शिकवले. त्यांचा एक फ्रेंच शब्द आवडता होता, ‘मीझाँ प्लास’. चूल पेटवण्याआधी लागणारी प्रत्येक वस्तू चिरून, मोजून, आपापल्या जागी मांडून ठेवायची. मला शस्त्रक्रियेपूर्वीचा मांडलेला ट्रे आठवला. खाणावळवाल्या बाई म्हणाल्या, “आमचा मिसळणाचा डबा म्हणजे हेच की!” आजारी माणसाची देखभाल करणाऱ्या प्रत्येक घराने ही सवय लावून घ्यावी. दिवसातून एकदा, शांत वेळी, दिवसभराच्या भाज्या धुऊन चिरून झाकून फ्रिजमध्ये ठेवल्या, डाळ शिजवून ठेवली, तर तीन पातेल्यांचे ओझे बरेच हलके होते.

स्वच्छतेच्या तासाला मी आत्मविश्वासाने बसलो होतो. तिथेही मला नवे कळले. शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा बत्तीस अंशांहून गरम असेल तर एक तासाहूनही नाही. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. मुले कामावर जाताना आजी-आजोबांसाठी सकाळी आठला डबा भरून ओट्यावर ठेवतात आणि तो दुपारी एकला उघडला जातो. उन्हाळ्यातल्या कितीतरी जुलाबांचे मूळ मी पाण्यात शोधत आलो. त्या डब्याचा विचार केला नव्हता. अशा घरांनी डबा फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाण्यापूर्वी वाफ येईपर्यंत गरम करण्याची सोय करून द्यावी.

“हे औषध झालं”

दुसऱ्या महिन्यात आवडीचा पदार्थ करून दाखवायचा होता. मी आईसाठी म्हणून दुधी भोपळ्याची भाजी केली. बिनतेलाची, नावापुरत्या मिठाची, अगदी माझ्या कागदाबरहुकूम. सरांनी एक घास घेतला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हे औषध झालं. जेवण नाही.” वर्ग हसला, मीही हसलो. घरी जाताना मात्र हसू आले नाही. चार महिने मी माझ्या आईला दोन वेळा हेच पाठवले होते.

वय वाढते तशी वासाची जाणीव मंदावते, लाळ कमी होते, कवळीमुळे टाळू झाकला जातो, आणि रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही तोंडाची चव बदलते. आधीच चव मावळत असलेल्या माणसाच्या ताटातून आपण मीठ, तिखट, तेल सगळे एकदम काढून घेतो आणि मग म्हणतो, ‘हल्ली खातच नाहीत.’ मीठ कमी करण्याचे कारण खरे आहे. पण काढून घेतलेल्या चवीच्या जागी दुसरी चव ठेवली नाही, तर मिठाबरोबर जेवणच कमी होते.

मी सरांना विचारले, “मीठ निम्मे करून चव कशी राखायची?” त्यांनी चार वाटा दाखवल्या.

पहिली वाट आंबटाची. लिंबू, आमसूल, कैरी, ताक यांनी कमी मीठही पुरेसे वाटते. दुसरी वाट भाजण्याची. कांदा, सुके खोबरे, लसूण तांबूस होईपर्यंत परतले की शेकडो नवे स्वाद तयार होतात. या प्रक्रियेचे वर्णन माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. आपल्या खानदेशी काळ्या मसाल्याचा दरवळ तिच्यावरच उभा आहे. तिसरी वाट ‘उमामी’ची. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रसातून ही चव ओळखली. पिकलेले टोमॅटो मंद आचेवर आटवले, की तीच भरीव चव आपल्या आमटीत उतरते. चौथी वाट मीठ घालण्याच्या वेळेची. शिजताना घातलेले मीठ फोडीच्या आत मुरते. वाढण्यापूर्वी वरून घातलेले थोडेसे मीठ जिभेला आधी भेटते आणि जास्त जाणवते.

इथे डॉक्टर म्हणून एक सावधगिरी सांगतो. बाजारात मिळणाऱ्या ‘कमी सोडियमच्या’ मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसेच रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

वर्गात सगळे काट्यावर तोलले जाई, त्यामुळे घरचाही हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, इतके मीठ खावे. चौघांच्या घराला तीस दिवसांत ६०० ग्रॅम झाले. आमच्या चौघांच्या घरी एक किलोची पिशवी तीन आठवड्यांत संपत होती, आणि पापड, लोणचे, शेव, फरसाण यांतले मीठ त्यात धरलेलेच नव्हते. पुढची पिशवी फोडाल, तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. रक्तदाब मोजण्याइतकाच हा हिशेब उपयोगी आहे.

पातळ की घट्ट?

माझ्या कागदातली सर्वांत मोठी चूक मात्र मिठाची नव्हती. ती ‘पातळ’ या शब्दाची होती. आपल्याकडे आजारी माणसाला पातळ द्यावे, असा सार्वत्रिक समज आहे. झटक्यानंतर किंवा कंपवातात गिळण्याची क्रिया मंदावलेली असते, तेव्हा पाणी, चहा, वरणाचे पाणी हेच सर्वांत अवघड ठरू शकते. ते इतक्या वेगाने घशात उतरते की श्वासनलिका झाकली जाण्याआधीच थोडे तिच्यात जाते. मग खोकला येतो, आवाज ओलसर, घोगरा होतो आणि वारंवार ताप येतो. आईचे दोन ताप हवामानाचे नव्हते. वहिनी माझ्या कागदावर विश्वास ठेवून पातळ वरण भरवत होत्या आणि प्रत्येक घासाला आई ठसकत होती. अखेर ठसक्याच्या भीतीने तिने तोंडच मिटले. मी डॉक्टर, मी मुलगा, आणि दोष मी वहिनींना दिला होता.

गिळण्याची तपासणी वाचा व गिळणे उपचारतज्ज्ञ करतात. तिथे आईला नेण्यास मी चार महिने उशीर केला. त्यांनी तपासून सांगितले की तिला घट्ट, गुळगुळीत, एकजीव अन्न द्यावे. अशा अन्नासाठी जगभर वापरली जाणारी ० ते ७ पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे आणि तिच्या चाचण्या स्वयंपाकघरातल्या चमच्यानेच होतात. चमच्यात घेतलेल्या अन्नाने आकार धरला पाहिजे. चमचा कलता केला की ते एका गोळ्यात घसरले पाहिजे आणि चमच्याला फारसे चिकटून राहता कामा नये. ओघळले तर ते पातळ आहे, चिकटून बसले तर ते धोक्याचे आहे.

वैद्यकीय पुस्तकात हे वाचून मला केव्हाही करता आले नसते. ग्रेव्हीच्या तासांमुळे ते हातात आले. घोटलेली मूगडाळ, वाफवून वाटलेला दुधी किंवा गंगाफळ यांनी रस्सा घट्ट कसा करावा, गुठळी कशी मोडावी, गाळणीतून कसे काढावे, हे मी तिथे शिकलो. एक बारकावा लक्षात ठेवा. तांदळाच्या पिठीने किंवा कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेले अन्न लाळेने पुन्हा पातळ होते; तोंडातला चमचा सतत वाटीत बुडत राहिला तर जेवण संपेपर्यंत वाटीत पाणी होते. म्हणून वाटीत थोडेथोडेच घ्या. दुसरे असे, की पातळ रस्सा आणि त्यात घन तुकडे, असा दुहेरी घास सर्वांत फसवा असतो. आपली लाडकी शेवभाजी त्यातलीच.

भरीत

आईने काय मागितले असेल, ते खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी जवळ आली होती. चातुर्मासात वांगे न खाणारी आई या दिवसाची वाट वर्षानुवर्षे पाहत आली आहे. हिरव्या सालीवर पांढऱ्या रेघा असलेले, मोठे, कमी बियांचे आपले भरताचे वांगे. जळगावच्या केळीप्रमाणेच त्यालाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या जाळावर भाजायचे, लाकडी भांड्यात ठेचायचे, मिरची-लसणाची, शेंगदाण्यांची फोडणी तेलात पोहणारी, वर कांद्याची पात आणि सोबत कळण्याची भाकरी. माझ्या कागदाप्रमाणे यातले प्रत्येक अक्षर निषिद्ध होते.

मी सरांपुढे हा प्रश्न ठेवला. त्यांनी तो वर्गापुढे ठेवला आणि अठरा जणांनी एक दुपार माझ्या आईच्या भरतासाठी खर्च केली. वांगे जाळावरच भाजायचे, कारण अर्धी चव त्या धुरकट वासात असते. साल, देठ आणि दिसतील त्या बिया काढायच्या. मिरची व लसूण त्याच जाळावर भाजून लसणाचा गर घ्यायचा. मिरची भरतात अख्खी परतून काढून टाकायची, म्हणजे स्वाद उरतो आणि ठसका जातो. शेंगदाणे आणि कच्ची पात नाही, कारण कोरडे कूट व धागे घशात अडकतात. प्रथिनांसाठी शेवटी घट्ट दही घालायचे. सगळे वाटून चाळणीतून काढायचे. तेल मोजून दोन चमचे, मीठ शेवटी, वरून लिंबाचे चार थेंब. खाणावळवाल्या बाईंनी चमचा कलता करून पाहिला आणि निकाल दिला, “पडलं एका गोळ्यात!”

त्या रविवारी धुळ्याच्या घरी ओट्याशी मी उभा राहिलो आणि वहिनी स्टुलावर बसून पाहत होत्या. आईला खुर्चीत ताठ बसवले, पाय जमिनीला टेकवले. भाकरीऐवजी वाटलेली मऊ खिचडी होती. पहिला अर्धा चमचा तिने तोंडात घेतला, गिळला. आम्ही तिघे श्वास रोखून होतो. खोकला आला नाही. दुसरा घास घेतला. मग ती ताटाकडे पाहत म्हणाली, “मीठ कमी शे.” आणि थोड्या वेळाने, “भाकरी कोठे शे?”

मीठ कमीच होते आणि भाकरी नव्हती. तिने छोटी वाटीभर भरीत संपवले. जेवणानंतर अर्धा तास तिला बसवूनच ठेवले. आडवे केले नाही. वहिनींनी माझ्या हातातला झारा घेतला, पातेल्यातले भरीत चाखले आणि म्हणाल्या, “पुढच्या वेळी मिरची आधी चिरून परता, मग काढा. स्वाद जास्त उतरेल.” हे वर्गात कोणालाही सुचले नव्हते.

माझा नवा कागद

आज आईचे वजन साडेअठ्ठेचाळीस किलो आहे. बावन्न पुन्हा होईल असे मी म्हणणार नाही. पाणी तिला अजूनही घट्ट करूनच द्यावे लागते आणि भाकरीची आठवण ती रोज काढते. पण ती जेवणाची वेळ विचारते, आणि वहिनी आता दुपारी तिच्या शेजारी बसून स्वतःचे गरम जेवण जेवतात. तीन पातेल्यांचे आता एकच झाले आहे: भाजी सर्वांसाठी कमी मिठाची, आईचा वाटा काढून वाटायचा आणि बाकीच्यांनी वरून हवे ते घालायचे.

दवाखान्यातला माझा कागदही बदलला. ‘पथ्य’ लिहिण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो: घरी स्वयंपाक कोण करते, रुग्णाला सर्वांत आवडते काय, आणि जेवताना ठसका लागतो का. आवडीचा निदान एक पदार्थ बदल करून का होईना, कागदावर राहील असे पाहतो. निरोगी वृद्धांना रोज दर किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या आजीला सुमारे पन्नास ते साठ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे. ही प्रथिने पचायला सोप्या कोणत्या रूपात पोटात जातील, हे घरच्यांशी बोलून लिहितो. दोन मिनिटे जास्त लागतात. बाहेरची रांग थोडी कुरकुरते.

आपल्या घरी कोणी जेवताना खोकत असेल, जेवणानंतर त्यांचा आवाज ओला वाटत असेल, वरचेवर ताप येत असेल किंवा कपडे सैल होऊ लागले असतील, तर ते वयावर ढकलू नका. तपासणी करून घ्या. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी पथ्याचा कागद हातात दिला, की उठण्यापूर्वी माझ्या वहिनींचा प्रश्न त्यांना नक्की विचारा, “डॉक्टर, हे करायचं कसं?” त्यांना उत्तर आले नाही तर रागावू नका. मलाही सत्तावीस वर्षे येत नव्हते. आहारतज्ज्ञ किंवा उपचारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवायला त्यांना सांगा, आणि तोवर घरात जी व्यक्ती रोज ओट्याशी उभी असते, तिला आधी विचारा. निम्मे उत्तर तिच्याकडे असते.

परीक्षेत मला बासष्ट टक्के मिळाले. चिरण्यात सर्वांत कमी.